बॅटरीशिवाय ठिणगी: जुन्या मोटारसायकलला इलेक्ट्रॉनिक मॅग्नेटो बसवताना

प्लग पेट्रोलने ओला आणि किक मारणारा घामाने ओला, ही मॅग्नेटो रुसल्याची जुनी खूण. जुनी गाडी नव्याने हाती आलेल्या माणसाला या टप्प्यावर दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, "इलेक्ट्रॉनिक बसवून टाक, कटकट संपेल." दुसरा म्हणतो, "त्यात चिप घातलीस तर ती जुनी गाडी राहिली कुठे?" माझ्या मते दोघांचंही थोडं चुकतं. इलेक्ट्रॉनिक मॅग्नेटोमध्येही वीज लोहचुंबकातूनच तयार होते आणि त्याला बॅटरी लागत नाही. बदलतो तो मुख्यतः ठिणगी कधी पाडायची, म्हणजे टायमिंग, हे ठरवणारा भाग. आणि कटकट म्हणाल, तर टायमिंग लावण्याची कटकट कोणत्याही चिपने संपवलेली नाही. म्हणून पाना हातात घेण्याआधी आतलं काम कसं चालतं ते नीट समजून घ्या.

जुना मॅग्नेटो काय करतो

मॅग्नेटो म्हणजे एकाच डब्यात कोंबलेला जनरेटर, इग्निशन कॉइल आणि स्विच. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये लोखंडी गाभ्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळलेली असतात. आतलं प्रायमरी, जाड तारेच्या थोड्या वेढ्यांचं. बाहेरचं सेकंडरी, केसासारख्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांचं. गाभा फिरला की त्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र उलटसुलट होतं. पॉइंट, म्हणजे स्विचचे उघडझाप करणारे संपर्क, मिटलेले असताना प्रायमरीतून प्रवाह वाहतो. तो ऐन जोरात असताना कॅम पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, क्षेत्र एकदम कोसळतं आणि त्या झटक्याने सेकंडरीत काही हजार व्होल्ट उभे राहतात. ते प्लगच्या फटीतून उडी मारतात. पॉइंटवर ठिणगी न पडता प्रवाह झटकन तुटावा, ही कंडेन्सरची जबाबदारी.

रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १८८७ साली पहिला मॅग्नेटो बनला तो एका जागी बसवलेल्या गॅस इंजिनासाठी, आणि तो कमी दाबाचा होता. १८९७ मध्ये तो द दिओं-बूतों कंपनीच्या तीनचाकीवर चढला. आपण ज्याला मॅग्नेटो म्हणतो तो उच्च दाबाचा आणि स्पार्क प्लगवर चालणारा प्रकार बॉश यांचे अभियंते गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये तयार केला. पुढे ब्रिटिश गाड्यांवर ल्युकास आणि बीटीएच या नावांचे मॅग्नेटो वर्षानुवर्षं दिसत राहिले. दोन सिलिंडरच्या गाड्यांवर ल्युकासचा के२एफ, आणि एका सिलिंडरच्या बऱ्याच गाड्यांवर डायनमो पाठीवर घेतलेला मॅगडायनो.

यंत्र हुशार आहे, पण त्याला तीन जुनी दुखणी आहेत. पहिलं म्हणजे, गाभा जितका जोरात फिरेल तितकी ठिणगी जोरदार. किक मारताना इंजिन आधीच सावकाश फिरतं आणि चार स्ट्रोकच्या गाडीवर मॅग्नेटो त्याच्याही निम्म्या वेगाने. म्हणजे ठिणगीची गरज सर्वात जास्त असते, तेव्हाच ती सर्वात अशक्त. दुसरं, जुन्या वेटोळ्यांवरचा शेलॅकचा लेप तापून मऊ होतो, आणि के२एफसारख्या प्रकारात कंडेन्सर फिरत्या भागाच्या आतच बसवलेला असल्यामुळे तो बदलायला सगळा मॅग्नेटो खोलावा लागतो. थंड गाडी एका किकमध्ये सुरू होते आणि चहाला थांबून पुन्हा किक मारली की मेल्यासारखी पडते, त्यामागे बहुतेक वेळा या दोघांपैकी एक असतो. तिसरं दुखणं फारसं कोणी बोलत नाही. दोन सिलिंडरच्या मॅग्नेटोत कॅमची कडी जराशी एकीकडे सरकलेली किंवा झिजलेली असेल, तर दोन्ही सिलिंडरचं टायमिंग एकमेकांपासून काही अंशांनी हलतं. तुम्ही एका बाजूचं टायमिंग बरोबर लावता आणि दुसरी बाजू बिनबोभाट चुकीची चालत राहते.

इलेक्ट्रॉनिक मॅग्नेटोच्या आत

बाहेरून डबा जवळपास तसाच दिसतो. आत एक शक्तिशाली चुंबकाचा रोटर फिरतो आणि त्याच्याभोवतीच्या स्थिर वेटोळ्यांत वीज तयार होते. जुन्यात बहुधा वेटोळी फिरायची, इथे चुंबक फिरतो. त्यामुळे फिरत्या भागातून वीज बाहेर काढणारी स्लिप रिंग नाही, तिच्यावर घासणारा कार्बन ब्रश नाही.

ही वीज साठवण्याचे दोन मार्ग आहेत. सीडीआय (कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन) प्रकारात ती एका कपॅसिटरमध्ये साधारण दोनशे ते चारशे व्होल्टपर्यंत भरली जाते आणि इशारा मिळताच थायरिस्टर नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच ती एका दणक्यात कॉइलच्या प्रायमरीत ओततो. ठिणगी तीव्र, पण फार अल्पकाळ टिकणारी. दुसऱ्या, इंडक्टिव्ह प्रकारात कॉइलच्या प्रायमरीतून प्रवाह वाहू दिला जातो आणि ट्रान्झिस्टर तो तोडतो. म्हणजे जुन्या पॉइंटचंच काम, फक्त झिजणारे पॉइंट नाहीत. इथे ठिणगी जास्त वेळ टिकते. दोन्हींत उच्च दाब तयार करणारी कॉइल बहुतेक वेळा वेगळी असते आणि टाकीखाली कुठेतरी बसवावी लागते.

इशारा देतो तो सेन्सर. रोटरवरची खूण त्याच्यासमोरून गेली की तो स्पंद पाठवतो. हा स्पंद लगेच वापरायचा की थोडा थांबून, हे एक छोटा प्रोसेसर ठरवतो. खरा फायदा मला इथेच दिसतो, त्यासाठी थोडा हिशेब करू.

इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर एका मिलिसेकंदात क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, १८ अंश फिरतो. सिलिंडरमधलं मिश्रण पेटून दाब वाढायला साधारण दोन मिलिसेकंद लागतात असं धरलं, तर ठिणगी टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचण्याच्या जागेच्या, छत्तीसेक अंश आधी पडायला हवी. किक मारताना मात्र क्रँक इतका हळू फिरतो की छत्तीस अंश आधी ठिणगी पाडली तर स्फोट पिस्टनला उलटा ढकलेल. किक परत येते ती अशी, आणि पोटरीवर निळी खूण ठेवून जाते. जुन्या गाड्यांवर यासाठी हँडलला एक लिव्हर असे किंवा गिअरमध्ये वजनं आणि स्प्रिंग असलेलं यंत्र, ज्याला एटीडी म्हणतात. लिव्हरवाल्या प्रकारात टायमिंग मागे घेतलं की पॉइंट उघडण्याचा क्षण चुंबकाच्या ऐन जोरापासून दूर सरकतो आणि ठिणगी आणखी मंदावते. इलेक्ट्रॉनिक युनिट वेग मोजतं आणि त्यानुसार टायमिंग पुढे-मागे करतं, तेही ठिणगीचा जोर कमी न करता. वेग वाढला की सिलिंडरमधली खळबळही वाढते आणि मिश्रण लवकर पेटतं, म्हणून एका मर्यादेनंतर टायमिंग आणखी पुढे नेण्याची गरज उरत नाही.

पायरी १: दोष मॅग्नेटोचाच आहे ना?

हे न करता युनिट मागवणारे मी बरेच पाहिले आहेत. नवा प्लग लावा, त्याची बॉडी सिलिंडर हेडला टेकवा आणि किक मारून बघा. ठिणगी नसेल तर मॅग्नेटोकडून बंद करण्याच्या बटणाकडे जाणारी वायर सोडा आणि पुन्हा बघा. सोलवटलेली वायर फ्रेमला टेकली की मॅग्नेटो कायमचा बंद अवस्थेत राहतो. निम्मे "मेलेले" मॅग्नेटो या एका वायरीमुळे मेलेले असतात, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. पॉइंटची फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ल्युकासच्या बऱ्याच मॅग्नेटोंवर ती ०.३० मिमी लागते. पिकअप (स्लिप रिंगवरून वीज घेणारा भाग) काढून स्लिप रिंग पेट्रोलने ओल्या केलेल्या फडक्याने पुसा. त्यावरची काळी कार्बनची रेघ वीज गळायला पुरेशी असते.

एवढं करूनही थंडपणी चालते आणि गरमपणी मरते, असं असेल तर वेटोळं किंवा कंडेन्सर गेलाय. आता निवड आहे: जुना मॅग्नेटो जाणकाराकडून नव्याने गुंडाळून घ्यायचा, किंवा इलेक्ट्रॉनिक. गाडी क्वचित बाहेर निघणार असेल आणि मूळ रूप जपायचं असेल, तर मी गुंडाळून घेण्याच्या बाजूचा. नीट दुरुस्त केलेला मॅग्नेटो वर्षानुवर्षं चालतो. रोज किंवा लांबवर चालवायची असेल, किंवा किक मारणाऱ्या पायात आता पूर्वीचा जोर नसेल, तर इलेक्ट्रॉनिक.

पायरी २: योग्य युनिट

बाजारात दोन गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. एक, स्वतः वीज तयार करणारा खरा इलेक्ट्रॉनिक मॅग्नेटो. दुसरी, मॅग्नेटोच्या खोक्यात बसवलेलं पण बॅटरीवर चालणारं इग्निशन. दुसरं वाईट नाही, पण जुना डायनमो जेमतेम दिवा पेटवणारा असेल तर बॅटरी उतरली की तुम्हीही गाडीवरून उतरणार. विकत घेण्याआधी एवढंच विचारा: बॅटरी पूर्ण काढून टाकली तर गाडी चालेल का?

मग गाडीकडून माहिती गोळा करा. ड्राइव्हच्या बाजूने पाहिलं तर शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरतो की उलट? हे चुकलं तर टायमिंग कधीच जुळणार नाही. मॅग्नेटो फ्लँजने बोल्ट केलेला आहे की खालच्या पाटावर बसलेला? चेनने फिरतो की गिअरने? डायनमो त्याच्या पाठीवर आहे का? सिलिंडर किती आणि ठिणग्यांमधलं अंतर किती? दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली होणाऱ्या जोडसिलिंडर गाडीत ठिणग्या समान अंतराने लागतात. व्ही-ट्विनमध्ये (V आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनात) तसं नसतं, तिला तिचंच युनिट हवं.

पायरी ३: टीडीसी शोधा, डोळ्यांनी नाही

पिस्टन वर पोचला की क्रँक काही अंश फिरूनही पिस्टन हललेला दिसत नाही. म्हणून प्लगच्या भोकात काडी घालून "इथे वर आला" असं ठरवणं म्हणजे अंदाज. प्लगच्या भोकात बसणारा पिस्टन स्टॉप वापरा. क्रँकवर डिग्री चकती बसवा, तारेचा एक काटा करा. इंजिन हाताने हळूच फिरवून पिस्टन स्टॉपला टेकवा आणि आकडा लिहा. मग उलट दिशेने फिरवून पुन्हा टेकवा. समजा एका बाजूला ५२ आणि दुसऱ्या बाजूला ६४ आले. दोघांचा मध्य ५८. काटा ६ अंश सरकवा, म्हणजे दोन्हीकडे ५८ दिसेल. आता चकतीवरचं शून्य म्हणजे खरं टीडीसी. स्टॉप काढायला विसरू नका, आणि तो लागलेला असताना किकला पायही लावू नका.

जुन्या पुस्तकांत टायमिंग अंशांत नसून इंचात किंवा मिलिमीटरमध्ये असतं: पिस्टन टीडीसीच्या खाली इतका असताना ठिणगी. स्ट्रोक ८४ मिमी आणि कनेक्टिंग रॉड १६८ मिमी असेल तर टीडीसीच्या ११ मिमी आधी म्हणजे सुमारे ३८ अंश. तुमच्या गाडीची मापं वेगळी असतील तर हिशेबही वेगळा. प्लगचं भोक तिरकं असेल तर त्यातून काडी घालून घेतलेलं माप फसवं असतं, कारण काडी पिस्टनच्या चालीच्या रेषेत नसते.

पायरी ४: जुना उतरवा, आणि एटीडीचं काय ते बघा

मॅग्नेटोच्या शाफ्टवरचा गिअर टेपरवर, म्हणजे निमुळत्या टोकावर, घट्ट बसलेला असतो. हातोडीने ठोकू नका, पुलर वापरा. काढण्याआधी फोटो काढा आणि गिअरवर खुणा करा.

आता सर्वात महत्त्वाचं. नव्या युनिटमध्ये टायमिंग पुढे नेण्याची सोय आतच आहे. म्हणून जुना एटीडी वापरायचा नाही. त्याच्या जागी साधा, अचल गिअर बसवायचा किंवा एटीडी पूर्ण लॉक करायचा. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा एटीडी तसाच ठेवला. गाडी पहिल्या किकला सुरू झाली, मी खूश. चढावर रेस दिली तर इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. स्ट्रोब (प्रत्येक ठिणगीबरोबर लखलखणारा टायमिंग तपासायचा दिवा) लावून पाहिलं तर ठिणगी टीडीसीच्या जवळपास साठ अंश आधी पडत होती. इलेक्ट्रॉनिकने त्याचं काम केलं होतं आणि एटीडीच्या वजनांनी त्यांचं. पिस्टनला भोक पडलं नाही, हे माझं नशीब.

पायरी ५: टायमिंग

पुस्तकातला आकडा बहुतेक वेळा पूर्ण पुढे गेलेल्या टायमिंगचा असतो. नवं युनिट किती अंश पुढे नेतं ते त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. पुस्तक ३८ म्हणतं आणि युनिट २८ ची भर घालतं, तर उभ्या गाडीवर १० अंशांवर लावायचं. काही उत्पादक थेट पूर्ण टायमिंगच्या जागेवर लावायला सांगतात. कागद नीट वाचा.

क्रँक त्या अंशावर आणा. सिलिंडर एक असेल तर तो कॉम्प्रेशन स्ट्रोकच आहे ना, हे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आहेत का यावरून पाहा. दोन्ही पिस्टन एकत्र चालणाऱ्या गाडीत दोन्ही प्लगना एकदमच ठिणगी मिळत असेल, तर हा प्रश्नच येत नाही. एक ठिणगी कामाची, दुसरी एक्झॉस्टच्या शेवटी वाया जाणारी, आणि त्याने काही बिघडत नाही.

रोटर फिरवून ठिणगीच्या क्षणावर आणा. काही युनिटवर छोटा दिवा असतो, काहींवर जुळवायच्या खुणा. उभ्या गाडीत युनिट स्वतः वीज बनवत नसतं, तेव्हा दिवा लागण्यासाठी बाहेरची छोटी बॅटरी लागू शकते. गिअर टेपरवर हलका बसवा, टेपर दोन्हीकडून स्वच्छ आणि कोरडा असू द्या, ग्रीस लावू नका. नट आवळताना शाफ्ट थोडा फिरतोच, त्यामुळे आवळल्यावर पुन्हा तपासा. मी सहसा तीनदा करतो.

चेन किंवा गिअरमधली ढिलाई टायमिंगमध्ये येऊ नये म्हणून क्रँक नेहमी चालण्याच्या दिशेनेच खुणेवर आणा. पुढे गेला तर बराच मागे न्या आणि पुन्हा या. आणि लक्षात असू द्या, मॅग्नेटोवरचा १ अंश म्हणजे क्रँकचे २ अंश. मॅग्नेटोजवळ क्षुल्लक दिसणारी चूक पिस्टनजवळ दुप्पट होऊन पोचते.

पायरी ६: वायरिंग

वायरी मोजक्याच असतात, पण गाड्या अडतात त्या इथेच.

बंद करण्याची वायर फक्त अर्थ करण्यासाठी आहे. बटण दाबलं की ती फ्रेमला जोडली जाते आणि इंजिन बंद पडतं. तिला बॅटरीचा प्लस चुकूनही लावू नका. जुना मॅग्नेटो अशी चूक कदाचित पचवेल, इलेक्ट्रॉनिक्स पचवणार नाही. युनिट बॅटरीवर अवलंबून नसल्यामुळे गाडी सहा व्होल्टची की बारा व्होल्टची, प्लस अर्थ की मायनस, याने काही फरक पडत नाही.

कॉइल जिथे बोल्ट कराल तिथला रंग खरवडा, आणि कॉइलपासून इंजिनापर्यंत वेगळी अर्थची वायर टाका. कॉइल सिलिंडर हेडच्या उष्णतेपासून लांब ठेवा.

जुन्या मॅग्नेटोवर प्लगवरचा कॅप रेझिस्टरशिवायचा चालायचा. इथे उत्पादक सांगेल तो, बहुधा ५ किलोओहमचा रेझिस्टर असलेला कॅप किंवा प्लग हवाच. नाहीतर ठिणगीच्या रेडिओ लहरी प्रोसेसरला गोंधळात पाडतात आणि गाडी ठरावीक वेगावर विनाकारण मिस मारते. प्लगची फटही उत्पादकाच्या आकड्याप्रमाणे ठेवा. जुन्या मॅग्नेटोसाठीची ०.४ ते ०.५ मिमी इथेही योग्य असेलच असं नाही.

पायरी ७: सुरू करणं आणि स्ट्रोब

प्लगची वायर हवेत लोंबकळत ठेवून किक मारू नका. उच्च दाबाला वाट मिळाली नाही की तो कॉइलचं इन्सुलेशन फोडून बाहेर येतो. तपासायचं असेल तर प्लग हेडला टेकवूनच. ठिणगीला हात लावण्याची गंमत नको, आणि हृदयाला पेसमेकर असलेल्याने चालू इग्निशनजवळ थांबूच नये.

अर्धवट किक उपयोगाची नाही. प्रोसेसर जागा व्हायला आणि कपॅसिटर भरायला किमान वेग लागतो. पिस्टन कॉम्प्रेशनच्या जरा पुढे न्या आणि मग एकच लांब, सलग किक मारा.

इंजिन तापल्यावर स्ट्रोब लावा. गाडीवर बॅटरी नसेल तर स्ट्रोबसाठी वेगळी बारा व्होल्टची बॅटरी घ्या. फिरवायचं बटण असलेली स्ट्रोब दर फेरीला ठिणगी पाडणाऱ्या गाडीवर चुकीचा आकडा दाखवू शकते, म्हणून साधी स्ट्रोब आणि डिग्री चकतीवरची रंगाची खूण बरी. टायमिंग पूर्ण पुढे गेल्याचा वेग कागदावर दिलेला असतो, तिथवर रेस द्या. खूण पुस्तकातल्या आकड्यावर स्थिर दिसली पाहिजे. खूण थरथरत असेल तर चेन ढिली किंवा बेअरिंगमध्ये खेळ आहे. दोन सिलिंडर असतील तर दोन्हीकडे बघा.

आवाज घोगरा, सायलेन्सर लालसर आणि गाडीत दम नाही, असं असेल तर टायमिंग मागे आहे. रेस दिल्यावर खडखड किंवा किक परत मारणं, म्हणजे पुढे. गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा चालू होत असेल तर आधी कॉइलला हात लावून बघा, ती सोसवणार नाही इतकी तापली असेल तर तिची जागा बदला.

जुना मॅग्नेटो कोरड्या कापडात गुंडाळून, त्याला टायमिंगचे आकडे आणि फिरण्याची दिशा लिहिलेली चिठ्ठी बांधून कपाटात ठेवा. त्याचा गिअर आणि एटीडीसुद्धा त्याच पिशवीत.